वेत्ताऱ्याला कसं यायचं

त्रोफिमेनाच्या घरच्या दोन खोल्या पाहुण्यांना भाड्याने दिलेल्या असत, आणि येणाऱ्या प्रत्येकाला आधी एक कागद पाठवला जाई. मजकूर त्रोफिमेनाचा, टाइप केलेला सुनेने, म्हणजे नुन्झियाने. त्यात लिहिलं होतं: "सालेर्नोला रेल्वेतून उतरा. एप्रिल ते ऑक्टोबर बोट आहे, बोट लागत नसेल तर बोटीने या. नाहीतर बस. तिकीट आधीच तंबाखूच्या दुकानातून घ्या, ड्रायव्हरकडे मागू नका. तो माझा मुलगा असण्याची शक्यता आहे आणि तो ओरडतो. डाव्या बाजूला बसा म्हणजे समुद्र दिसेल. समुद्र बघून भीती वाटत असेल तर उजवीकडे बसा, तिकडे नुसता डोंगर आहे. मायोरी गेलं की दोन वळणांनंतर मासळीच्या निळ्या दुकानापाशी उतरा. पुढे पायऱ्या. त्या मोजू नका."

पायऱ्या चारशे बारा होत्या. पाहुणे त्या मोजायचेच, आणि वर पोचले की धापा टाकत त्रोफिमेनाला आकडा ऐकवायचे, जणू काही तिने नंतर बसून भर घातली होती. ती म्हणायची, "मी सांगितलं होतं ना, मोजू नका म्हणून?" आणि त्यांच्यापुढे लिंबाच्या फोडी, मीठ आणि पुदिना ठेवायची.

असा साऱ्या जगाला वाट सांगणारा हा कागद लिहिणारी बाई स्वतः मात्र सहा वर्षांत एकदाही खाली उतरली नव्हती. वय एकोणऐंशी, दोन्ही खुबे कामातून गेलेले. डॉक्टर वर यायचा, पाद्री वर यायचा, मासळीही वरच यायची. मुलगा पांतालेओने किनाऱ्याच्या रस्त्यावर बस चालवायचा आणि निळ्या दुकानाच्या वळणावर आईसाठी एक लांबलचक हॉर्न द्यायचा. तो ऐकला की ती पाणी उकळायला ठेवायची. समुद्र तिच्या गच्चीतून दिसायचा, पण समुद्राला हात लावून सहा वर्षं झाली होती.

मुलगा दर वर्षी म्हणायचा, "आई, खुर्चीत बस. आम्ही चौघं जण खांद्यावर घेऊन नेतो खाली, अर्ध्या तासाचं काम."

"या पायऱ्यांवरून चौघांच्या खांद्यावर कोण उतरतं, ठाऊक आहे ना? मेलेले. कबरस्तान खाली आहे. मी जाईन तेव्हा जाईन, त्याची रंगीत तालीम नको मला."

असं सहा वर्षं चाललं होतं. आणि मग मे महिन्यातल्या एका सोमवारी तिची धाकटी बहीण एर्सिलिया अर्जेंटिनाहून मायोरीत येऊन दाखल झाली.

ती आली होती सहलीच्या टोळक्याबरोबर. मायोरीत तीन रात्री, गुरुवारी सकाळी बोटीने पुढे काप्री, मग रोम, मग विमान. वय पंच्याहत्तर, एका गुडघ्यात लोखंड, दुसऱ्यात तेही नाही. अर्ध्या जगाला वळसा घालून बाई आली खरी, पण शेवटच्या चारशे बारा पायऱ्यांपाशी तिचं घोडं अडलं.

नुन्झियाने फोन कानाला लावला आणि हळू आवाजात सांगितलं, "आई, मावशी म्हणतात, त्यांना पायऱ्या चढवणार नाहीत. तुम्हाला खाली येता येईल का, विचारतायत."

"तिला म्हणावं, खेचर पाठवते."

नुन्झियाने विचारलं. मग म्हणाली, "त्या म्हणतात, खेचराचा काय गुन्हा?"

"मग खुर्ची. पांतालेओने आणि त्याची पोरं आणतील उचलून."

"नको म्हणतायत. म्हणतात, मी तिथून स्वतःच्या पायांनी गेले, आले तर पायांनीच येईन."

"पायांनी गेली, ते मला चांगलं ठाऊक आहे," त्रोफिमेना म्हणाली, आणि शेंगा सोलायला बसली. दोघी एकाच माळेचे मणी. फोन बंद झाला.

पायांनी गेली, त्या गोष्टीला चोपन्न वर्षं झाली होती. तेव्हा वेत्ताऱ्याची लिंबं बायकाच खाली न्यायच्या. मानेवर चुंबळ, तिच्यावर पन्नास किलोची टोपली, आणि पायऱ्या उतरत थेट व्यापाऱ्याच्या होडीपर्यंत. वाटेत एका जागी खांद्याच्या उंचीचा दगडी कट्टा आहे, वाकावं न लागता ओझं टेकवता यावं म्हणून बांधलेला. जोडीतली एक बाई वरच्या मळ्यातून कट्ट्यापर्यंत आणायची, दुसरी तिथून उचलून खाली न्यायची. वरच्या दोनशे एकतीस पायऱ्या थोरलीच्या, म्हणजे त्रोफिमेनाच्या. खालच्या एकशे एक्क्याऐंशी एर्सिलियाच्या. सात वर्षं दोघींनी असं केलं, आणि त्या सात वर्षांत कुणाला कुणासाठी थांबावं लागलं नाही.

मग जुलैतल्या एका सकाळी त्रोफिमेना पहिली टोपली घेऊन कट्ट्यावर आली, तर बहीण नाही. कट्ट्यावर फक्त तिची चुंबळ, नीट ठेवलेली. त्रोफिमेना थांबली. मग कुणीतरी खालून सांगत आलं की एर्सिलिया पहाटेच्या बसने नेपल्सला गेली, बरोबर अर्जेंटिनाला निघालेला एक सुतार होता, आणि दुपारी तिकडची बोट सुटणार होती. खाली व्यापारी ओरडत होता. त्रोफिमेनाने टोपली पुन्हा मानेवर घेतली आणि खालच्या पायऱ्याही उतरली. त्या दिवशी तिने अकरा खेपा केल्या, दोघींच्या मिळून. ती चुंबळ बघून तिच्या मनात एकच आलं: माझं ओझंही आता तूच वाहा, असं सांगून गेली बया.

पुढे पत्रं आली, नाताळला कार्डं आली, नंतर वर्षातून दोन फोन. त्यात हवामान, लिंबं, बाळंतपणं, मयती. त्या सकाळबद्दल एकीनेही कधी तोंड उघडलं नाही. एर्सिलियाच्या नवऱ्याचं सुतारकाम तिकडे यथातथाच चाललं. आई वारली तेव्हा तिला येणं परवडलं नाही, आणि त्रोफिमेनाने तेही मनात ठेवलं. रागावलेल्या मनात सगळ्यासाठी जागा असते.

मंगळवार असाच गेला. त्रोफिमेना दिवसभर गच्चीत बसून होती, मायोरीच्या बाजूला तोंड करून. समुद्र बघते म्हणाली. त्या गच्चीतून मायोरी दिसत नाही, मधे डोंगर येतो.

बुधवारी सकाळी नुन्झिया फोन घेऊन बाहेर आली. तिचे डोळे भरले होते.

"मावशींचा निरोप आहे. उद्या नऊला बोट वेत्ताऱ्याखालून जाईल. म्हणतात, मेनाला गच्चीत उभं राहायला सांग, मी रुमाल हलवीन. तिने हलवला नाही तरी चालेल, पण उभी राहा म्हणावं."

त्रोफिमेना हातातल्या सुरीने लिंबं चिरत राहिली. नुन्झियाला वाटलं हिला ऐकू गेलं नाही, म्हणून तिने पुन्हा सांगायला तोंड उघडलं.

"ऐकलं मी," त्रोफिमेना म्हणाली. "बोटीवरून रुमाल. तेव्हा निरोपाचा रुमालसुद्धा नशिबात नव्हता, तो आता दाखवतेय होय? लाव तो फोन. तिला सांग, कट्ट्यापर्यंत. माझ्या पायऱ्या माझ्या, तिच्या तिच्या. अकराच्या बसने ये म्हणावं, पांतालेओनेच आहे त्या बसवर."

"अहो, पण तुम्ही उतरणार कशा?"

"लहानपणी शिकले होते तशी. बसून."

तिने कपाटाचा खालचा खण उघडायला लावला. पलंगपोसांच्या तळाशी ती चुंबळ होती. इतकी वर्षं फेकून का दिली नाही, हे तिलाही सांगता आलं नसतं. जाड कापडाची, आत लोकर गच्च भरलेली. ती तिने बुडाखाली घेतली, पहिल्या पायरीवर बसली, दोन्ही हात टेकले आणि खालच्या पायरीवर उतरली.

दोनशे एकतीस वेळा! मागे नुन्झिया काठी, पाण्याची बाटली आणि तोंडाने सांता मारियाचा जप घेऊन. शेजारीण दारात येऊन बघू लागली तशी त्रोफिमेना म्हणाली, "काय बघतेस? पायऱ्या पुसतेय. तुझ्या दारापुढच्या तर वर्षभर कुणी पुसल्या नाहीत." शेजारीण आत गेली. शंभर झाल्यावर ओझेवाल्या पोरांनी वाटेत टोपल्या उतरवून तिला वाट दिली. दीडशेला तिने श्वास घ्यायला थांबून समुद्राकडे पाहिलं. इतक्या खालून दिसणारा समुद्र मोठा वाटतो, हे ती विसरली होती.

खालून तेवढ्यात बसचा हॉर्न आला. एक नाही, तीन.

"बसमधून उतरली," ती म्हणाली, आणि तिचा वेग वाढला. नुन्झिया घाबरली.

कट्ट्यापाशी ती पोचली तेव्हा साडेबारा होत आले होते. कट्ट्यावर कुणी नव्हतं. नुसता दगड, आणि त्यावर उन्हात पडलेली एक पाल. त्रोफिमेना त्याच्या पायथ्याशी बसली. तिच्या तोंडावरचा रंग उतरलेला नुन्झियाने पाहिला, आणि ती घाईघाईने म्हणाली, "येतील हो, गुडघ्यात लोखंड आहे त्यांच्या."

"मी काही म्हटलं का?"

पाच मिनिटं गेली. मग खालच्या वळणावरून एक आवाज आला, धापेने तुटलेला, पण चोपन्न वर्षांनीही ओळखू यावा असा.

"मेना! आहेस का गं वर?"

"आहे!"

"थांब हां! जाऊ नकोस! एकतीसच राहिल्यात, पण पाय उचलत नाही गं. थोडी बसते. येतेच मी. थांबशील ना?"

त्रोफिमेनाने मान वाकवून पाहिलं. खाली, भिंतीला टेकून, पांढऱ्या टोपीतली एक म्हातारी पायरीवर बसली होती आणि टोपीने वारा घेत होती. आईच! हुबेहूब आई. तेवढ्याने त्रोफिमेनाचा सगळा हिशेब तिथेच फिसकटला.

"बस तू तिथेच," ती ओरडली. "तुझ्या पायऱ्या एकदा उतरलेय मी, पन्नास किलो घेऊन. आज मोकळी आहे."

आणि चुंबळ बुडाखाली घेऊन ती पुढच्या एकतीस उतरली.

एकतिसाव्या पायरीवर दोघी शेजारी शेजारी बसल्या. दोघींना दम लागला होता, त्यामुळे रडणंसुद्धा आधी जमलं नाही. एर्सिलियाने बहिणीच्या गालाला हात लावला, मग नाकाला, मग तिच्या हाताचे खरचटलेले तळवे पाहिले आणि तिला हुंदका फुटला. दोघी मनसोक्त रडल्या. नुन्झिया भिंतीकडे तोंड करून त्यांच्यापेक्षा जास्त रडली.

मग एर्सिलियाची नजर खाली गेली. "ही माझी ना?"

"तुझी. घे परत. वाहायची म्हणून ठेवली होतीस, बसायला बरी पडली."

"वाहायची म्हणून?" एर्सिलिया तिच्याकडे बघत राहिली. "अगं, रात्रभर जागून लोकर भरली होती तिच्यात. तुझी झिजली होती, मानेला घट्टा पडला होता तुझ्या. मी सांगायलाच आले होते कट्ट्यावर. तर वरून तुझं गाणं ऐकू आलं. तुझं तोंड बघितलं असतं तर गेले नसते मी, मेना. म्हणून ठेवली आणि पळाले."

त्रोफिमेनाने चुंबळ उलटीसुलटी करून पाहिली, जणू आज पहिल्यांदा हातात आली होती. "मग चिठ्ठी लिहायचीस की, गाढवे," ती म्हणाली. तिचा आवाज फार लहान झाला होता.

"तेव्हा कुठे लिहिता येत होतं मला?"

हे मात्र खरं होतं. लिहायला एर्सिलिया तिकडे जाऊन शिकली होती.

दीडच्या सुमाराला पाळी संपवून पांतालेओने मळ्यातल्या तिघांना घेऊन आला. आईला कट्ट्याच्या खाली बघून त्याने कपाळाला हात लावला. "आता? आता वर कशी जाशील?"

"खुर्ची आण."

"खुर्ची? आणि ते मेलेले वगैरे?"

"मेलेल्याला कुणी वर नेतं का रे? खाली नेतात. वर जायला मला कसली भीती?" मग ती बहिणीकडे वळली. "तुलाही लागू आहे हे. पायांनी गेलीस, पायांनी इथवर आलीस. फिटलं. दोन खुर्च्या आण रे. हिची बोट उद्या आहे, आज रात्री ती घरी जेवणार आहे."

एर्सिलियाने टोपी डोक्यावर नीट बसवली, खुर्चीत बसायच्या तयारीने.

दोघे दोघे एकेका खुर्चीला लागले. मोठी बहीण पुढे, धाकटी मागे. पोरं एकतीस पायऱ्या चढून हात बदलायला कट्ट्यापाशी थांबली, जशी सगळी ओझी तिथे थांबतात. एर्सिलियाने खुर्चीतूनच हात लांब करून दगडावर ठेवला. ऊन खाऊन तो तापला होता.

"मेना," तिने विचारलं, "त्या दिवशी किती वेळ थांबली होतीस गं इथे?"

चोपन्न वर्षांत हा प्रश्न पुष्कळांनी विचारला होता, आईने, नवऱ्याने, व्यापाऱ्याने. त्या सगळ्यांना त्रोफिमेनाने एकच सांगितलं होतं: पाव तास.

"आत्तापर्यंत," ती म्हणाली. मग पोरांवर खेकसली, "उचला की रे, उन्हात वाळवताय का म्हाताऱ्यांना?"