बाळंतिणीच्या खोलीतला नळ

मी नळ बोलतोय. स्वयंपाकघरातला चकाकणारा नव्हे. मागच्या अंगणातल्या टिनाच्या खोलीतला, पितळी, जरासा वाकडा. हा वाकडेपणा जन्माचा नाही. नालवाडीच्या पुंडलिकरावांनी नळवाल्याला न बोलावता मला स्वतःच्या हाताने बसवलं, त्याची ती खूण आहे.

वर्ष शहाण्णवचं. पुंडलिकराव आणि देवकाबाई भाजीपाला पिकवायचे. या खोलीत तेव्हा टोपल्या आणि कांदे असायचे. पुलगावला दिलेली त्यांची लेक गोपिका पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार म्हणून देवकाबाईंनी खोली सारवली, कोपऱ्यात न्हाणी केली आणि नवऱ्यामागे टुमणं लावलं, "माहे गुडघे गेले. विहिरीवरून पाणी कोण आणन? नळ बसवून द्या." आणि मी आलो.

अडचण एकच होती. आमच्या वस्तीत लोकांनी मागच्या अंगणात खोल्या बांधून कॉलेजच्या पोरांना भाड्याने दिल्या होत्या आणि सगळं सांडपाणी गल्लीत यायचं. म्हणून पंचायतीने नियम केला होता: मागच्या खोलीत नळ हवा तर आधी पाणी मुरायला शोषखड्डा करा, नाहीतर नळ काढू. पुंडलिकरावांनी ते मनावर घेतलं नाही. पाणी आपली वाट आपण शोधतं, म्हणाले. ती वाट नेमकी शेजारच्या भैयाजींच्या दारापुढून गेली.

भैयाजींनी तक्रार केली. पंचायतीचे रूपराव पाना घेऊन मला काढायला आले, तेव्हा गोपिकेची लेक आचल जेमतेम आठवड्याची होती. न्हाऊ घालणाऱ्या धुरपताबाईंच्या पसरलेल्या पायांवर ती बोंब ठोकत होती.

"नळ काढा लागते," रूपराव दाराबाहेरून म्हणाले.

"बाळंतीण न्हाऊन राह्यली," आतून धुरपताबाई. "येता का अंदर?"

रूपराव मागच्या मागे ओट्यावर जाऊन बसले. बाळंतिणीच्या खोलीत परक्या पुरुषाने पाय ठेवायचा नाही, हा नियम पंचायतीपेक्षा जुना. त्यांना चहा मिळाला. न्हाणं झालं की शेक, शेकानंतर धुरी, मग मायलेकी झोपलेल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. मला गंमत वाटत होती, पण पान्याची भीतीही होती. मी गेलो तर देवकाबाई त्या गुडघ्यांनी पुन्हा बादल्या वाहणार होत्या.

पुढच्या खेपेला भैयाजीही भांडायला आले.

"इथं बसून काय चहाच पेत राहाचा?" रूपराव वैतागले. "खड्डा खंदा ना! खड्डा झाला त मले नळ काढा लागत नाई."

"माह्या अंगणात काऊन खड्डा?" पुंडलिकराव.

"मंग काय माह्या दारात खंदता?" भैयाजी गरजले.

"हळू बोला!" धुरपताबाई आतून ओरडल्या. "लेकरू दचकते."

तिघेही दारापासून मागे सरकले. आत माझं कोमट केलेलं पाणी अंगावर पडलं, आचल रडायची थांबली आणि गोपिका खळखळून हसली. बाळंत झाल्यापासून तिचं असं हसू घरात कोणी ऐकलं नव्हतं. ते ऐकून पुंडलिकरावांनी कुदळ उचलली.

भैयाजींनी स्वतःच्या बांधकामातली उरलेली गिट्टी आणली. रूपरावांनी पाना खाली ठेवून घमेलं धरलं. बायकांचं न्हाणं, शेक, धुरी रोज आरामात चालायची आणि बाहेर रोज खड्डा थोडा खोल व्हायचा. तो गिट्टीने भरून झाला, पाणी त्यात मुरलं आणि रूपराव म्हणाले, "झालं. बारशाले बोलवजा मले." त्या दिवशी मला फार आनंद झाला.

खड्ड्याच्या कडेला देवकाबाईंनी केळ लावली. आता दोन हजार नऊ साल आहे. त्या केळीची पिल्लं भिंतीवरून डोकावतात आणि पहिला घड भैयाजींकडे जातो.

देवकाबाईंना आता एकट्याने न्हाता येत नाही. सुट्टीत आठवीतली आचल येते, खोलीचं दार लावते, आजीला पाटावर बसवते आणि तिची पाठ चोळते. पुंडलिकराव बाहेर ओट्यावर वाट पाहत बसतात. माझा वायसर झिजलाय. तेव्हा पोरी, चावी फार आवळू नकोस. मला अजून इथेच राहायचंय.

"काय व आचल," आजी डोळे मिटून विचारते, "पाणी गल्लीत तर नाई गेलं ना?"

"नाई व आजी. केळीलेच गेलं."