पाठीवर युफोनियम, समोर वारा

ऐका ना, आधी पूर्ण ऐका, मग हसा. शनिवारी तुम्ही सगळे पांघरुणात होतात. फोनवर वाऱ्याचा नारंगी इशारा आला तेव्हा कूस बदलून परत झोपलात. आणि मी? मी चर्चसमोरच्या बसथांब्यात उभी, सायकल एका हाताने धरलेली, पाठीवर युफोनियम, माझं ते पितळेचं धूड. हसू नकोस योर्न, मला माहितीये तो ट्युबाच्या पोरासारखा दिसतो. पण तो पाठीला बांधला ना, की मागून फक्त पिशवी दिसते आणि खाली दोन पाय.

डोक्कम शहरातल्या मोठ्या बँडमधली युफोनियमची जागा रिकामी झाली होती. पोस्तमा आजोबांनी नवीन वर्षाला वाजवणं सोडलं, आणि ते त्या खुर्चीत माझ्या जन्माच्या आधीपासून बसलेले. म्हणजे ही जागा परत कधी रिकामी होणार? मी चाळीशीची होईन तेव्हा! चार जणांची चाचणी होती, माझा नंबर शेवटचा, दहा वाजता. आणि बँडचे होकेमा सर म्हणजे कसे, दहाला दार उघडणार, बाहेर बघणार, वाजवणारा तयार असला तर आत, नाहीतर दार बंद. गेल्या वर्षी एक ट्रॉम्बोनवाला दोन मिनिटं उशिरा पोचला, त्याने बाहेर उभं राहून दुसऱ्याचं ऐकलं आणि घरी गेला. त्याने सायकलचं पंक्चर झालेलं चाकसुद्धा दाखवलं. सर म्हणाले, पंक्चर छान आहे.

बाबा गोठ्यात होते, गाय अडली होती. आई गाडी घेऊन ड्युटीवर. बस त्या वाऱ्यात येणारच नव्हती. मग काय, सायकल. नेहमीसारखीच.

बसथांब्यात हिड्डे आधीच उभा. त्याला यायची काही गरज नव्हती, पण तो आला, कारण अशा वाऱ्यात समुद्राच्या बांधावर एकट्याने जायचं नाही हे आपल्याकडे कोणी कोणाला सांगत नाही, सगळ्यांना कळतं. त्यात हिड्डे दोन मीटर लांब, त्याच्या मागे सायकल लावली की वारा निम्मा होतो.

"वासराला पाठीवर घेऊन आलीस?" तो म्हणाला.

"गप. पुढे हो."

"मी भिंत आहे, मला माहितीये. भिंतीला नाश्ता मिळेल का?"

मी त्याला साखरपावाचा तुकडा दिला, आईने सकाळी दिलेला, तो त्याने ओल्या हातमोज्यासकट खाल्ला. तेवढ्यात तेत्स्के आली. बॅटरीच्या सायकलवर, आरामात, घाम नाही काही नाही, नवीन रेनकोट गळ्यापर्यंत बंद.

"आल्या आजीबाई!" हिड्डे ओरडला. "गुडघे कसे आहेत?"

"तुझ्यापेक्षा बरे. आणि पुलावर मी वर पोचून तुमची वाट बघते ना, तेव्हा बोल."

गावात आमचं तिच्या त्या म्हाताऱ्यांच्या सायकलवरून रोज असंच चालतं. आम्ही धापा टाकायच्या आणि ती बाजूने शिट्टी वाजवत जायची, मग राग येणार नाही का?

आणि आता महत्त्वाचं. माउथपीस, वाद्याचा ओठांना लावायचा तो सुटा तुकडा. तुम्ही पितळेची वाद्यं वाजवत नाही, तुम्हाला कळणार नाही. तो थंड असला की ओठांना चिकटतो, ओठ बधिर होतात, मग आवाज निघत नाही, फुसफुस निघते. म्हणून हिवाळ्यात आम्ही तो पिशवीत ठेवतच नाही, अंगावर ठेवतो. मी माझ्या हातमोज्यात ठेवला होता. पण गाव सुटायच्या आतच हातमोजा भिजला, गळ्यातून पाणी आत गेलं, माझ्या अंगावर कोरडी अशी एक जागा राहिली नाही.

"दे इकडे," तेत्स्के म्हणाली. तिने रेनकोटची चेन उघडली, माउथपीस स्वेटरच्या आत घातला आणि काखेत दाबला. "आई गं! बर्फ आहे हा! पोचल्यावर देते. अंडं उबवते आहे असं समज."

मग आम्ही निघालो.

बांधावर चढल्याबरोबर वारा असा आला की माझा श्वास तोंडातच परत गेला. पाऊस खालून वर पडत होता, खरंच सांगते. मेंढ्या सगळ्या बांधाच्या मागच्या बाजूला, वाऱ्याकडे ढुंगण करून बसलेल्या. आणि माझ्या पाठीवरचा युफोनियम म्हणजे शीड झालं होतं. वारा जरा बाजूने आला की सगळी पिशवी भरायची आणि मला पाण्याच्या बाजूला ओढायची. मी हँडल घट्ट धरून हिड्डेच्या मागच्या चाकाकडे बघत होते, फक्त चाक, दुसरं काही नाही. चाक डावीकडे गेलं की मी डावीकडे. मांड्या जळायला लागल्या. मधेच हिड्डे मान वळवून काहीतरी ओरडला, मला फक्त "…शील का!" एवढंच कळलं. मी "हो!" म्हटलं. नंतर कळलं तो "मरशील का" विचारत होता.

आणि तरी आम्ही पुढे सरकत नव्हतो. वाटेवरच्या पवनचक्क्यांपैकी पहिलीसुद्धा येतच नव्हती. मनात मी मोजत होते, आता हॉलमधल्या घड्याळात किती वाजले असतील, मी या वेगाने गेले तर होकेमा सर दार उघडतील तेव्हा मी अजून शेतात असेन.

तेवढ्यात पाठीवर हात आला. म्हणजे पाठीवर नाही, पिशवीवर. तेत्स्के बाजूला आली होती, एका हाताने हँडल, दुसरा हात माझ्या युफोनियमवर, आणि तिने सायकल सगळ्यात वरच्या जोरावर टाकली. मोटरचा आवाज वाऱ्यातसुद्धा ऐकू येत होता. मी अक्षरशः ढकलली गेले!

"पाय हलव नुसते!" ती ओरडली.

"बॅटरी संपेल!"

"माझी आहे, मी बघते!"

एक चक्की गेली, दुसरी गेली. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या सायकलला नावं ठेवली नाहीत. हिड्डेसुद्धा मागे वळून बघेना, त्याला आमच्या पुढे राहायचं होतं ना, तो उभा राहून पायडल मारत होता, तोंड लाल.

आणि मग आवाज गेला. मोटरचा. हात माझ्या पिशवीवरून सरकला. मी वळले तर तेत्स्के मागे, मागे, मागे. एकदम दगडासारखी जड झाली ती सायकल.

आम्ही थांबलो. म्हणजे पाय टेकले, वारा आम्हाला तसाही थांबवतच होता.

"मेली," ती म्हणाली. "अजून पूल यायचा आहे. ही घेऊन मी तुमच्याबरोबर आले तर तिघांनाही उशीर. तुम्ही जा."

"आणि तू एकटी?"

"मी उलटी फिरते की! वारा मला घरात नेऊन सोडेल, पाय हलवायची गरज नाही. जा ना, रिन्स्के! जा!"

आणि मी गेले. बोलायला वेळच नव्हता, पाऊस तोंडात जात होता. हिड्डे पुढे, मी मागे.

कालव्यावरचा तो पूल तुम्हाला माहितीये. आपल्या सपाट मुलखात तोच एक डोंगर. अर्ध्यावर वारा एकदम बाजूने आला, पिशवी भरली, आणि मी कठड्यावर. हँडल कठड्याला घासलं, करकर आवाज, खाली काळं पाणी, आणि त्याच वेळी मागून ट्रक, भोंगा वाजवत. मला वाटलं युफोनियम आणि मी दोघं कालव्यात. हिड्डेने सायकल टाकली, तशीच रस्त्यात टाकली, आणि माझ्या पाठीवरचा पट्टा धरला.

"उतर! चालत! वासरू मी धरतो!"

ट्रक आमच्या अंगावर अख्खं तळं उडवून गेला. आम्ही पूल चालत चढलो, सायकली कठड्याला टेकवत टेकवत, आणि उतारावरसुद्धा पायडल मारावं लागलं. उतारावर!

तर पोचलो. बँडच्या हॉलमध्ये. दहाला काही मिनिटं होती. आतून तिसऱ्या मुलाचं वाजवणं ऐकू येत होतं, छान वाजवत होता मेला. मी खाली बसले, बोटं वळत नव्हती, हिड्डेने पिशवीची चेन उघडली. युफोनियम कोरडा! मी उचलला, झडपा दाबल्या, चालतायत. मग मी हात पुढे केला आणि…

हिड्डेने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं.

"काय?"

"माउथपीस."

"कुठे आहे?"

"काखेत," मी म्हटलं. "तेत्स्केच्या."

त्याने लगेच तिला फोन लावला, वाजतोय, वाजतोय, तिचा फोन नेहमी पिशवीत तळाशी असतो. आणि ती तर वाऱ्याबरोबर केव्हाच घरी, गरम दूध घेत असेल, काखेत माझी जागा घेऊन.

आतलं वाजणं थांबलं. दार उघडलं. तो मुलगा बाहेर आला, गाल लाल (त्याचा माउथपीस जाड बुडाचा, माझ्या नळीत बसणारा नव्हता), आणि मागे होकेमा सर.

"रिन्स्के. तयार?"

"सर, माझा माउथपीस… येतोय."

"एकटा येतोय?"

"सर, तुमच्याकडे एखादा…"

"माझं वाद्य कॉर्नेट, छोटं. माझा माउथपीस तुझ्या नळीत पडून आत वाजेल." त्यांनी हात दाराच्या कडेवर ठेवला. रागावून नाही, सवयीनेच.

आणि हिड्डे मध्ये घुसला. अक्षरशः एक पाय दारात.

"सर, ढोल वाजवायला कोणी हवंय का?"

"तू वाजवतोस?"

"नाही. पण शिकायला किती दिवस लागतात? आणि ढोल सायकलवर कसा नेतात सर? पोटावर की पाठीवर?"

"बाळ, पाय काढ."

"नाही म्हणजे वारा समोरून असला तर पोटावर बरा ना?"

सर हसले नाहीत, पण उत्तर द्यायला त्यांनी तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी बाहेरचं दार धाडकन आपटलं. वारा आत, पाऊस आत, भिंतीवरची पोस्टरं उडाली, आणि मध्ये तेत्स्के. नाक निळं. टोपी गेलेली. एका बाजूला गुडघ्यापर्यंत चिखल. बोलता येत नव्हतं तिला. तिने चेन उघडली, हात आत घातला, आणि माउथपीस माझ्या हातात ठेवला.

गरम होता. अगं, पोळीसारखा गरम!

"वळले," ती धापा टाकत म्हणाली, "वारा पाठीत बसला, म्हटलं चला, मजा आहे… हात आत घेतला तर हे लोखंड… ती मेलेली म्हैस ओढत आणली मी… पुलावर पडले… कोणी आजीबाई म्हणालं तर मारेन."

हिड्डेने दारातला पाय काढला आणि स्वतःची टोपी तिच्या डोक्यावर घातली. ती भिजलेलीच होती, पण घातली.

मी आत गेले. ओठ माझे लाकूड झालेले, पहिला सूर फाटलाच, बदकासारखा. सरांनी मान वर केली नाही. मग त्या माउथपीसची ऊब ओठात उतरली आणि तो हळू भाग आला, ज्यात श्वास खूप लागतो. आणि श्वास? बांधावरून आले होते मी, श्वासच श्वास होता माझ्याकडे! मी शेवटचा लांब सूर एवढा धरला की सरांनी हात वर करून थांबवलं.

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. बाहेर पत्र्यावर वारा.

"पहिला सूर वाईट," ते म्हणाले. "बाकी ठीक. पोस्तमांची खुर्ची खिडकीजवळ आहे, थंडी लागेल. तालीम दर मंगळवारी, संध्याकाळी. हवा कशीही असो."

मी बाहेर येऊन हेच सांगितलं, आणि मला वाटलं हे दोघं मला मिठी मारतील. तेत्स्के रेडिएटरला चिकटून बसली होती, त्या तिसऱ्या मुलाने दिलेला चहा पीत.

"दर मंगळवारी?" हिड्डे म्हणाला. "तो पूल? दर मंगळवारी?"

"संध्याकाळी," मी म्हटलं. "अंधारात."

"मार्चपर्यंत असाच वारा असतो."

"हो."

त्याने ओले हातमोजे रेडिएटरवर पसरले. तेत्स्केने कप खाली ठेवला.

"इथे बॅटरी लावायला प्लग आहे का कुठे?" ती म्हणाली. "आणि रिन्स्के, यापुढे तुझा माउथपीस तुझ्या काखेत."