विहिरीतली बाई

विहिरीभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. दिवेबाबाने तारेला बांधलेली पेटती वात आत सोडली आणि पाण्यावरून निळसर ज्वाला भस्सकन धावून विझली. बघे किंचाळून मागे सरकले.

“पाण्यात अग्नी, अग्नीत आत्मा!” बाबा गरजला. “बाई तळमळतेय! तिचं पाणी घोटभर प्या, ती तुमचं दुखणं पिऊन टाकेल!”

म्हाताऱ्या शिंप्याचे डोळे भरून आले. ही बाई म्हणजे त्याची बायको. गेल्या हिवाळ्यात ती तापाने गेली. ती शिलाई मशीन रॉकेलने पुसायची. तिच्या बोटांना कायम तो वास असे. ती गेल्यावर काही महिन्यांनी विहिरीलगतच्या त्याच्या खोलीत तसाच वास यायला लागला. दार लावून बसलं की डोकं जड व्हायचं, डोळे मिटायचे आणि मशीनचं पायडल चालल्याचा आवाज कानात घुमायचा. “आलीस का गं?” तो विचारायचा. हे त्याने बाबाजवळ बोलून दाखवलं, आणि बाबाला आयतं कोलीत मिळालं; तिचा आत्मा विहिरीत आलाय, असं त्याने गावभर केलं.

तान्ह्या नातीला उलट्या होतात हे कळल्यावर शिंप्याची भाची धावत आली. जमिनीखालचं पाणी तपासणं हेच तिचं काम.

“मामा, पोरीला काय पाजलंत?”

“विहिरीचंच पाणी. तुझ्या मामीचा आशीर्वाद.”

भाचीने नातीला तिच्या आईबरोबर तडक दवाखान्यात धाडलं. मग गर्दीतून वाट काढत ती विहिरीशी गेली. “आधी ती वात विझवा. भडका उडाला तर सगळे होरपळाल.”

तिने एक पारदर्शक नळी दोरीने खाली सोडून वर काढली. खाली नितळ पाणी, वर बोटभर पिवळसर थर. विहिरीपासून लांब जाऊन तिने दोन्ही वेगवेगळ्या ताटल्यांत ओतले. वरच्या थराला काडी लावताच तो पेटला. खालच्या पाण्यात काडी चुर्र करून विझली.

“म्हणजे बाई फक्त वरच्या मजल्यावर राहते होय?” कुणीतरी म्हणालं, आणि लोक हसले.

“पाखंड!” बाबा ओरडला.

“पेट्रोल आहे,” भाची म्हणाली. “मागच्या बंद पेट्रोल पंपाची टाकी जमिनीत गंजून गळतेय. पेट्रोल पाण्याहून हलकं, म्हणून तरंगतं. घ्या बाबा, नळीत उरलंय थोडं, तुम्हीच प्या घोटभर.”

बाबाने नळीकडे पाहिलं आणि काढता पाय घेतला.

मग भाची खोलीत आली. तिच्या हातातलं वाफ ओळखणारं यंत्र फरशीच्या भेगेजवळ नेताच चिरकलं.

“मातीत मुरलेल्या पेट्रोलची वाफ इथून वर येते, मामा. डोकं जड होतं ते तिच्यामुळे. गुंगीत भास होतात. फरशी फोडून पाइप घालावे लागतील, वाफ बाहेर खेचायला. तोवर इथे राहायचं नाही.”

शिंप्याने वाकून त्या भेगेवर हात ठेवला.

“मग ती यायची बंद होईल?”

भाचीने त्याचा हात हातात घेतला. तरी ती खोटं बोलली नाही. “हो, मामा.”

त्याने मशीनवरून एकदा हात फिरवला. “फोडा.”

टाकी उपसून काढली, काळी पडलेली माती खणून नेली. विहिरीत बसवलेला उपसा पंप महिनोन् महिने पाण्यावरचा थर ओढत राहिला. भाची दर खेपेला नमुने नेई. खोलीतला वास विरत गेला आणि एके सकाळी अजिबात येईना. शिंपी त्या दिवशी लहान मुलासारखा रडला. बाहेर अंगणात नात ठणठणीत होऊन रांगत होती.

अजूनही कुणी लांबून विहिरीतली बाई बघायला येतं. शिंपी त्यांना बसवतो, सगळं सांगतो.

“माझी बायको गेली, हे खरं. तिची आठवण येते, हेही खरं. बाकी सगळं पेट्रोल होतं. माझ्या दुःखापायी मी नातीला विष पाजलं. तुम्ही आधी विचारा, तपासा. हात नंतर जोडा.”