पोटातला पोचा

मित्रांनो, मी एक जुनं पत्र्याचं माप आहे, आणि खोटं आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

माझा जन्म अमेरिकेतला. तिथलं यादवी युद्ध संपलं, गुलामीत राबलेली माणसं मोकळी झाली. पण हातात ना जमीन, ना दाणा. म्हणून सरकारनं शिधा वाटायला केंद्रं उघडली. मक्याचं पीठ मोजायला मला आणलं. काय चकाकत होतं मी!

आठवड्यातच तिथल्या कारकुनानं मला पालथं घालून बुडावर हातोडा हाणला. पोटात पोचा आला. तेव्हापासून दर मापाला मूठभर पीठ कमी, ते त्याच्या घरी. रांगेत लेकुरवाळी सुझन झोळी पसरायची. माझं तोंड एवढं मोठं, पण शब्द फुटला नाही.

केंद्र बंद झालं तेव्हा सुझननंच मला उचलून नेलं. तिची नातवंडं कॅनडात आली, सोबत मीही. “या मापानं आपल्याला जगवलं,” असं घरचे दर नाताळला म्हणायचे. मित्रांनो, शिव्या परवडतात; अशी स्तुती पोटात टोचते.

यंदा चर्चच्या हॉलमध्ये प्रदर्शन ठरलं. सुझनच्या खापरपणतीनं, मेलनीनं, माझी कहाणी सांगून मला सरळ करायला शेजारच्या कॉस्मसकडे दिलं. कॉस्मस वसईचा, उभा जन्म गॅरेजात गाड्यांचे पोचे काढण्यात गेला. बेसमेंटमध्ये त्यानं हातोडी उचलली. मला हायसं वाटलं. चला, पुरावा मिटला!

पण हातोडी हवेतच राहिली.

“कॉन्स्टन्स, हे बघ गो. पडून असा पोचा येत नाही. कुणीतरी मुद्दाम हाणलाय.”

“तुला सगळीकडे इन्शुरन्सची केसच दिसते!” बायको हसली. तरी माझ्यावर कोरलंय तेवढेच तांदूळ तिनं आपल्या मापानं मोजून माझ्यात ओतले. मूठभर बाहेर सांडले. तिचं हसू गेलं.

“आमचा दुकानदार असंच करायचा. आई भांडून मापाच्या वर ढीग करून, शीग लावून घ्यायची. त्या रांगेतल्या बाया कुणाशी भांडणार होत्या रे?”

“मेलनीला सांगायचं?”

“सांगायचंच.”

मेलनीनं ऐकलं. माझ्या बुडावरून बोट फिरवत राहिली. मग इंग्रजीत हळूच म्हणाली, “आजी सांगायची, सुझनची ताकीद आहे, पोचा काढायचा नाही. मला वाटायचं, म्हातारीचा हट्ट.”

म्हणजे सुझनला ठाऊक होतं. मी दीडशे वर्षं लपवलं, ते तिनं झोळीच्या वजनावरूनच ओळखलं होतं.

आता मी पोच्यासकट काचेच्या पेटीत आहे. शेजारी मेलनीनं मूठभर मक्याचं पीठ ठेवलंय.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, पुसा, दुरुस्त करा. मला मात्र सरळ करू नका. आणि कुणाला मोजून द्यायची वेळ आली, तर आधी मापाच्या पोटात हात घालून बघा.