पुसलेला शिक्का

मी एक जुना चिमटा आहे, मित्रांनो, आणि आज मी संतापलेलो आहे.

पोलादाची एक पट्टी मधोमध वाकवून मला घडवले. कारागिराने माझी टोके घासून इतकी गुळगुळीत केली की मला ना दात उरले, ना धार. माझे काम एकच, टपालाचे तिकीट उचलणे. माणसाच्या बोटांना घाम असतो. तिकिटाला तो सोसत नाही.

मला आईने विकत आणले. सारे घर तिला आईच म्हणे, तिचा नवरा, म्हणजे बाबासुद्धा. एका कारखान्यात ती आलेले टपाल उघडण्याचे काम करी. पाकिटांचे कोपरे कापून घरी आणी आणि कोमट पाण्यात सोडी. गोंद सुटला की तिकीट झोपेत कूस बदलावी तसे कागदापासून वेगळे होई. मग मी ते अलगद टिपकागदावर पालथे ठेवी. कोरे तिकीट तिला नको असे. काळा गोल शिक्का बसलेलेच हवे. त्यातले गावाचे पुसट नाव भिंगाखाली लागले की तिचा चेहरा उजळे.

आई गेली आणि बाबांबरोबर, संग्रहासह मी थोरल्या मुलीकडे, ताईकडे आलो. ताईची लाँड्री होती. तिथे माझी काय शोभा झाली! माझ्याकडून बटणांत अडकलेले दोरे ओढून घेतले. ताईच्या नणंदेने मला वापरून भुवया उपटल्या. भुवया, मित्रांनो!

तेही गिळले असते. पण एका दुपारी ताईने इस्त्रीच्या टेबलावर संग्रहाची वही उघडली. कापडावरची शाई असो की गंज, ताईपुढे डाग टिकत नसे. तिला पानोपानी डागच दिसले.

"बाबा, किती मळलंय हो सगळं! लेक लाँड्रीवाली आणि आईची वस्तू अशी? लोक म्हणतील दिव्याखाली अंधार."

"हं," बाबा वर्तमानपत्राआडून म्हणाले. त्यांना वाटले, ती धूळ झटकते आहे.

ताईने शाई काढायच्या औषधात कापूस बुडवला आणि निळ्या पक्ष्याचे तिकीट मला धरायला लावले. मला! शिक्का फिका झाला. मग पंख फिका झाला. मग पक्षीच उडाला, आणि माझ्या टोकांत उरला दातेरी कडांचा पांढरा कागद.

"बाबा, पक्षी गेला." ताईचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

बाबा ताडकन उठले. "अगं, काय केलंस हे!"

"डाग काढत होते."

"डाग? त्या डागासाठी आई डोळे फोडून घ्यायची! कोरं तिकीट पोस्टाच्या गल्ल्यात पडून असतं, बाई. शिक्का बसला म्हणजे ते कुणाचा तरी निरोप घेऊन निघालं. तोच पुसलास, तर उरलं काय?"

"मग मला सांगितलं का कुणी कधी?" ताई उसळली. "जवळ गेलं की 'हात लावू नकोस' एवढंच ऐकलं. बारीकसारीक सगळं तिला कळायचं, आम्ही मात्र दाराशी उभे!"

बाबा खाली बसले. "खरंय. मीसुद्धा लांबूनच बघायचो."

आणि मित्रांनो, इतका वेळ ताईवर असलेला माझा राग आईकडे वळला. किती जपलेस, बाई, आणि किती एकटीने! ज्यांच्यासाठी हे सारे मागे ठेवलेस, त्यांना साधे धरायलासुद्धा शिकवले नाहीस.

ताईने बाटलीचे बूच घट्ट लावले, हात धुऊन पुसले आणि बाबांच्या शेजारी स्टूल ओढले. तिने मला उचलले ते थेट कपड्यांच्या चिमट्यासारखे.

"हलकं धर गं," बाबा म्हणाले. "आई असं धरायची. निदान मला तरी तसं वाटतं."

दोघांनी मिळून एक तिकीट उचलले. ते जरा वाकले, पण फाटले नाही.

माझा राग अजून उतरलेला नाही. तो पक्षी परत यायचा नाही. म्हणून बजावतो, मित्रांनो: घरातल्या ज्या वस्तूला हात लावायची बंदी आहे, तिच्यापाशी जाऊन बसा आणि ती कशी धरायची ते विचारा. घरचे रागावले तरी विचारा. सांगणारे माणूस घरात आहे तोवर विचारा.