बाईंच्या गुडघ्यांची रजा

बाईंचे गुडघे गेले होते. म्हणजे अगदी गेलेच. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला, तोंडाने च्यक् केलं आणि म्हणाले, "ऑपरेशन करून टाका आता. नंतर दोन-अडीच महिने घरी बसायचं." बाईंना हसूच आलं. घरी बसायचं म्हणे! मग इस्पितळाच्या तळघरातला धुलाई विभाग कोण चालवणार, डॉक्टर?

वरच्या सगळ्या वॉर्डांच्या चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे कपडे, सगळं खाली यायचं. धुऊन, वाळून, इस्त्रीच्या रोलरमधून निघून, घड्या होऊन परत वर जायचं. आणि या सगळ्याच्या मधोमध बाई. "बाई, साबण संपत आला, काय करू?" "बाई, मशीन थांबलं, काय करू?" "बाई, इथला दिवा गेला." अरे, गेला तर दुसरा लाव ना! पण नाही. मोठ्या मशीनवरचा तात्या, अर्धं आयुष्य त्या मशीनसमोर काढलेला माणूस, पण बाईंनी मान हलवल्याशिवाय झाकण उघडायचा नाही. आता खरं बोलायचं तर ही खोड बाईंनीच लावलेली. पूर्वी कोणी आपल्या डोक्याने काही केलं की बाई अशा कडाडायच्या की विचारू नका. दोन-चार जणांनी बोलणी खाल्ली, बाकीचे बघूनच शहाणे झाले.

रजेचा विषय काढला तेव्हा व्यवस्थापक साहेब खुर्चीत मागे रेलले. "देतो की रजा. मी काय राक्षस आहे? पण तुमच्या जागी उभं राहील असं माणूस आधी दाखवा. सांगितलेलं करणारे ढीगभर आहेत हो. न सांगता करणारं एक शोधा, त्याला पुढे आणा, आणि मग जा खुशाल."

शोधा म्हणे. सोपं असतं तर काय हवं होतं!

बाईंनी एक युक्ती केली. सकाळी कोणाचं लक्ष नसताना एक ओली चादर वाटेत टाकून दिली आणि आपल्या काचेच्या खोलीत जाऊन बसल्या. कोण उचलतंय बघू. एकजण चादरीला वळसा घालून गेला. दुसरी टुणकन उडी मारून गेली. तात्या मात्र थांबला. चादरीकडे बघितलं, इकडेतिकडे बघितलं. बाई खुर्चीत पुढे सरकल्या. तात्या तडक काचेच्या खोलीत आला आणि म्हणाला, "बाई, तिकडे चादर पडलीये."

"बरं मग?"

"नाही, आपलं सांगितलं."

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. घरी येऊन नवऱ्याला हे सांगितलं तर तो पोट धरून हसला. निवृत्त ड्रायव्हर माणूस, दिवसभर घरात, हसायला वेळच वेळ. "तू काचेतून डोळे वटारून बघत असशील तर मीसुद्धा नाही उचलणार चादर. बोलणी कोण खाईल?"

"तुम्ही घरातली तरी कधी उचललीत?" बाई म्हणाल्या आणि गुडघ्याला तेल चोळत बसल्या. पण रात्रभर पाय ठणकला तो ठणकलाच. कुशीवर वळायची सोय नव्हती. जिना उतरताना त्या आता लहान मुलासारख्या एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवून उतरत होत्या, आणि कोणी बघत नाही ना, याचीच त्यांना जास्त काळजी असायची.

ऑपरेशनचं बोलायला त्या परत डॉक्टरांकडे गेल्या आणि नेमकं त्याच सकाळी इस्त्रीचं रोलर मशीन बंद पडलं. मेकॅनिक संध्याकाळशिवाय येणार नव्हता. वरून फोनवर फोन. खाटा उघड्या पडल्यात, चादरी कुठे आहेत? तात्या म्हणाला, "बाईंना येऊ देत." आणि सगळे हाताची घडी घालून बसले.

घडीच्या टेबलावर एक तिशीतली कामगार होती. ती इतकं कमी बोलायची की तिचं नाव घुमी पडलं होतं. ती उठली. ड्रायरमधून निघालेली गरम चादर तिने उचलली, दुसरं टोक शेजारणीच्या हातात दिलं, दोघींनी खसकन ताणली, टेबलावर हाताने दाबून घडी घातली. मग दुसरी. मग तिसरी. "ह्या साध्या वॉर्डांना न्या," ती म्हणाली. "ऑपरेशनच्या कपड्यांना मी हाताने इस्त्री करते." तिचा आवाज असा आहे हे कित्येकांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. दुपारपर्यंत एकही खाट उघडी राहिली नाही.

पण इस्त्री नसलेली चादर वर जायची नाही, हा नियम. मोठ्या नर्सबाईंना चादरीवर सुरकुती दिसली आणि त्यांनी साहेबांना फोन लावला. बाई डॉक्टरांकडून लंगडत परत आल्या तेव्हा साहेब तळघरात लालबुंद होऊन उभे होते. "कोणाच्या परवानगीने गेल्या ह्या चादरी? कोणी केलं हे?" हेच ते साहेब, न सांगता करणारं माणूस मागणारे. असो.

घुमी एक पाऊल पुढे आली. तिने तोंड उघडलं. आणि बाई दारातूनच म्हणाल्या, "मी सांगितलं होतं जाताना."

साहेबांनी मग सगळा राग बाईंवर काढला. बाईंनी मुकाट्याने ऐकून घेतलं. साहेब गेल्यावर तात्या म्हणाला, "बाई, मानलं तुम्हाला." बाईंना बरं वाटलं. त्यांनी घुमीला बाजूला घेतलं, पाठीवर हात ठेवला. "चांगलं केलंस हो. घाबरू नकोस, मी आहे ना." घुमी काही बोलली नाही. ती कधी बोलते? बाईंच्या डोक्यात तर वेगळाच आनंद होता. माणूस सापडलं! इतके दिवस दिवा घेऊन शोधलं, आणि हे टेबलाशी उभं होतं.

त्या लगेच साहेबांकडे जाणार होत्या, पण राग निवू दे म्हणून थांबल्या. थांबल्या, आणि तिथेच घोटाळा झाला. कारण आठवडाभराने साहेबांनीच त्यांना बोलावलं. चेहरा हसरा. समोर चहा. "बाई, त्या चादरींचं वरच्या लोकांना आवडलं. एकाही पेशंटची तक्रार नाही, विजेची बचत होते. साध्या वॉर्डांना आता कायम बिनइस्त्रीच्याच. काय डोकं आहे हो तुमचं! आणि तुम्ही रजेच्या गोष्टी करता? असं माणूस मी सोडू कसं?"

"साहेब, ते माझं नव्हतंच. घडीच्या टेबलावरच्या घुमीने केलं. तिलाच माझ्या जागी ठेवा म्हणून सांगायला येणार होते मी."

"बाई, बाई," साहेब हसले. "त्या दिवशी तुम्हीच म्हणालात. आता रजा हवी म्हणून दुसऱ्याचं नाव?"

"बोलवा तिला. विचारा."

घुमीला बोलावलं. ती दारात उभी राहिली, ओले हात साडीला पुसत. साहेबांनी विचारलं, "त्या चादरी तुझ्या डोक्याने पाठवल्यास का?" घुमीने बाईंकडे बघितलं. बाईंनी डोळ्यांनी अगदी जीव तोडून सांगितलं, हो म्हण, बाई माझी, हो म्हण.

"नाही साहेब," घुमी म्हणाली. "बाईंनीच सांगितलं होतं."

दोघी बाहेर आल्या. जिन्यात दोन पायऱ्या उतरून बाई मटकन खाली बसल्या. "का गं? का असं केलंस? माझ्या पायांची काय अवस्था आहे, दिसत नाही तुला?"

"दिसते," घुमी म्हणाली. ती बाईंच्या खालच्या पायरीवर बसली आणि जिन्याकडे बघत बोलली. "त्या दिवशी मी सांगणार होते साहेबांना. मी केलं म्हणून. बोलणी खायची तयारी होती माझी. आयुष्यात पहिल्यांदा मी आपल्या डोक्याने काहीतरी केलं होतं, बाई. तुम्ही म्हणू दिलं नाहीत. मला वाटलं, इथे असंच असतं. चुकलं तरी बाईंचं, जमलं तरी बाईंचं."

तिला वाचवलं म्हणून आठवडाभर त्या मनातल्या मनात स्वतःवर खूश होत्या. लाज वाटली त्यांना. सरळ लाज वाटली.

तेवढ्यात खालून तात्याची हाक आली. "बाई! मशीनमधून पाणी गळतंय! काय करू?"

बाईंच्या जिभेवर उत्तर तयार होतं. मागचा नळ अर्धा बंद कर, चालू धुणं संपू दे, मग बघू. पण त्या गप्प बसल्या. घुमीने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. बाई भिंतीकडे बघू लागल्या.

"बाई! अहो, काय करू?"

"मशीन बंद कर!" घुमी एकदम ओरडली. "कपडे बाहेर काढ सगळे. आले मी!"

सगळे कपडे बाहेर! अर्धं धुणं वाया, परत पहिल्यापासून. बाईंनी ओठ दाताखाली धरला. घुमी धडाधडा जिना उतरून गेलीसुद्धा.

बाई कठड्याला धरून उठल्या. खाली जायला पाय आपसूक वळत होता, तो त्यांनी परत फिरवला आणि वर चढायला लागल्या, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत. बाईंनी दार उघडताच साहेबांनी मान वर केली. "आता काय, बाई?"

"खोटं मी बोलले होते साहेब, तिने नाही," बाई म्हणाल्या. "त्याची काय शिक्षा असेल ती द्या. पुढच्या सोमवारी माझं ऑपरेशन आहे. रजा मागायला नाही आले, सांगायला आलेय."