पिशवीतला मान्ना

"स्वर्गाचं दार तीन हजार वर्षांनी पुन्हा उघडलं आहे!" अशी घोषणा करून प्रवचनकारांनी दोन्ही हात आभाळाकडे उंचावले. वर एकच गेला. दुसरा बाकाला चिकटला होता.

प्रार्थनागृहाच्या आवारातलं जुनं झाड आठवडाभर गोड थेंब गाळत होतं. बाक, फरशी, भाविकांचे खांदे, सगळं चिकचिकीत. बायबलमधल्या मोशेच्या लोकांना अरण्यात आभाळातून अन्न मिळालं होतं, तोच हा मान्ना, हे प्रवचनकारांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. लोक रांग लावून पानं चाटत होते.

"मोशेच्या लोकांना उद्याचं साठवायला मनाई होती," हात सोडवत प्रवचनकार गरजले. "आणि तुम्ही? महिनाभराच्या औषधाच्या गोळ्या घरात भरून ठेवता! हा अविश्वास नाही तर काय?"

आवाराची झाडं सांभाळणाऱ्या माळीणबाईंनी वळून रांगेतल्या आईकडे पाहिलं. त्यांच्या मधुमेही आईनं तीन दिवसांपूर्वीच गोळ्या बंद केल्या होत्या, आणि आता ती पाचवं पान चाटत होती.

"आई, पुरे! काल चक्कर येऊन पडलीस ना?"

"ती कृपेची गुंगी होती. तू आपली झाडं बघ."

माळीणबाईंनी मग झाडच बघायचं ठरवलं. संध्याकाळी सगळ्यांसमोर त्यांनी एका फांदीची पानं साबणाच्या पाण्यानं धुतली, शेजारची तशीच ठेवली आणि दोन्हींवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या.

"आभाळातून पडतं ना साहेब? मग गाठी तुम्हीच मारा," त्या प्रवचनकारांना म्हणाल्या.

साहेबांनी गाठी मारल्या, वर आशीर्वादही दिला.

सकाळी न धुतलेल्या फांदीच्या पिशवीत चिकट थेंबच थेंब!

"स्वर्गाला पिशवीचा कसला अडथळा!" प्रवचनकार म्हणाले. टाळ्या पडल्या.

"मग ही दुसरी जराही चिकट का नाही?" माळीणबाईंनी विचारलं. "स्वर्ग साबणाला भितो?"

टाळ्या थांबल्या. माळीणबाईंनी न धुतलेलं एक पान उलटं करून आईसमोर धरलं आणि तिचं वाचायचं भिंग तिच्या हातात दिलं.

"अगं बाई! किडे!"

"मावा म्हणतात या किड्यांना. पानातला रस पितात आणि जास्तीचं गोड पाणी बाहेर टाकतात."

"तोंडातून?"

"दुसऱ्या टोकाला बघ."

आईनं बघितलं. बराच वेळ बघितलं. रांगेतल्या पहिल्या माणसानं बाहेर काढलेली जीभ हळूच आत घेतली.

"देवाला खुशाल माना," माळीणबाई सगळ्यांना म्हणाल्या. "पण आभाळातून पडलं असं कुणी सांगितलं, तर जीभ लावण्याआधी मान वर करून बघा. आणि औषध बंद करायचं की नाही, ते डॉक्टरांना विचारा. झाडाला नको."

आईनं भिंग खाली ठेवलं. "डॉक्टरांकडे चल. आधी घोटभर पाणी दे."

माळीणबाई तांब्या आणायला वळल्या, तसे प्रवचनकार त्यांच्या मागोमाग आले. आवाज अगदी खाली आणून म्हणाले,

"ताई, पाणी जरा जास्तच आणा. मला चूळ भरायची आहे."